कागद आहे, वाचणारा कुठे आहे? बीड जिल्ह्यातील भाषाशिक्षणाची आठ शतके

१/ सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन दस्तऐवजांमधून ‘कुणबी’ अशा नोंदी शोधून काढणे हे तिच्या कामाचे मुख्य सूत्र होते. बीडसह सर्व जिल्ह्यांत तहसील कार्यालये, भूमी अभिलेख कार्यालये आणि जुन्या शाळांची दप्तरे कपाटांबाहेर आली. त्याबरोबर एक अडचणही पुढे आली. कागद जपलेला होता, परंतु तो वाचणारी माणसे फार थोडी उरली होती. (धागा)

२/ आरक्षणाच्या मागणीचा न्यायनिवाडा हा या धाग्याचा विषय नाही. त्या मागणीच्या बाजूने आणि विरोधात उभे राहिलेले दोन्ही पक्ष बीड जिल्ह्यात आहेत आणि तो वाद त्यांचा आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. ज्या भूमीत मराठी ग्रंथलेखनाची परंपरा आठशे वर्षे मागे नेली जाते, त्याच भूमीतील लोकांना आपल्या आजोबा-पणजोबांचे कागद का वाचता येत नाहीत? याचे उत्तर भाषा कशी शिकवली गेली, कोणत्या साधनांनी शिकवली गेली आणि कोणी कोणाच्या साहाय्याने शिकवली, या इतिहासात सापडते.

३/ आरंभ अंबाजोगाईपासून करावा लागतो. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. तो कोठे रचला गेला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक पक्ष अंबाजोगाईचा, तर दुसरा वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा. ग्रंथाच्या काळाविषयीही वाद झालेले आहेत. मुकुंदराजांची समाधी म्हणून पूजली जाणारी जागा मात्र अंबाजोगाईला आहे, आणि तिच्यामुळे या गावाने आपली ओळख मराठीच्या आरंभाशी जोडून घेतली आहे.

४/ भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ‘विवेकसिंधु’चे महत्त्व त्याच्या मांडणीत आहे. हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात उलगडतो. शिष्य विचारतो आणि गुरू समजावून सांगतो. वेदान्तासारखा विषय, जो तोपर्यंत संस्कृत जाणणाऱ्यांपुरता होता, तो येथे मराठीत बोलू लागतो. त्यासाठी मराठीला नवी परिभाषा पचवावी लागली. संस्कृत संज्ञा तशाच ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती बोलीतले स्पष्टीकरण उभे करायचे, ही रीत पुढे शतकानुशतके चालली. आजही विज्ञान मराठीतून शिकवणारा शिक्षक वर्गात हेच करतो.

५/ चार शतकांनंतर त्याच गावात दासोपंत (१५५१ ते १६१५) होऊन गेले. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. परंतु त्यांची खरी विलक्षण निर्मिती म्हणजे ‘पासोडी’. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा वस्त्रावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय लिहून काढला. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच तत्त्वांच्या परस्पर मिश्रणातून देह आणि सृष्टी कशी घडते, याचे विवेचन म्हणजे पंचीकरण.

६/ हा विषय विभागणीचा आहे. एका तत्त्वाचे भाग पडतात, ते दुसऱ्यांत मिसळतात, त्यातून नवे गट तयार होतात. पोथीच्या अरुंद पानावर असा विषय पानागणिक तुटतो. लांबरुंद वस्त्रावर तो एका दृष्टीत येऊ शकतो, आणि अनेक माणसे भोवती बसून तो एकाच वेळी पाहू शकतात. कागद दुर्मीळ आणि महाग असण्याच्या काळात कापड हे घरातले, गुंडाळून ठेवता येणारे, टिकाऊ साधन होते. आजच्या वर्गातील भिंतीवरच्या तक्त्याशी पासोडीचे नाते लावले, तर ते फारसे ताणलेले ठरणार नाही.

७/ ग्रंथांची भाषा देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत लिहिली जाई. व्यवहाराची भाषा मात्र मोडीत चाले. जमाखर्च, पत्रे, वतनाचे कागद, करार हे सारे मोडीत. लेखणी फारशी न उचलता सलग लिहिता यावे अशी या लिपीची घडण आहे. वेग हा तिचा गुण, आणि पुढे वाचणाऱ्याला नडणारी गोष्टही तीच. मोडीत शब्द सहसा सुटे लिहीत नाहीत. ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळत नाहीत. म्हणून मोडी ‘अक्षर लावून’ वाचता येत नाही. विषय आणि त्या काळातील लेखनाच्या ठरावीक शब्दावळी आधी ठाऊक असाव्या लागतात.

८/ ती ओळख पंतोजींच्या शाळेत होत असे. मुले आधी धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षर गिरवीत, मग कित्ता वळवीत. पाढे मोठ्याने म्हणत. शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या हाती जुनी पत्रे आणि हिशेबाचे कागद येत. अभ्यासाचे पुस्तक असे काही नव्हते. गावातले खरे दस्तऐवज हेच वाचनपाठ होते. मोठा मुलगा लहान मुलाकडून घोकून घेई. अशा रीतीने लिपीबरोबर मायन्याची पद्धत, नाण्यांची व मापांची चिन्हे आणि संक्षेप आपोआप अंगवळणी पडत.

९/ याच प्रदेशात दुसरी शाळा होती ती मकतबाची. बहमनी काळापासून राज्यकारभारात फारसीचे स्थान मोठे होते. ‘करीमा’ आणि ‘आमदनामा’ यांसारख्या पाठ्यग्रंथांवरून फारसी शिकवली जाई, आणि देशपांडे, कुलकर्णी अशा वतनदार घराण्यांतील मुलेही कारभाराच्या गरजेपोटी ती शिकत. दख्खनच्या सुलतानी काळातील कित्येक फर्मानांवर फारसी मजकुराबरोबर मोडीतील मराठी मजकूरही आढळतो. एकाच कागदावर दोन भाषा नांदत होत्या, कारण तो कागद लिहिताना दोन प्रकारचे लेखनिक शेजारी बसलेले होते.

१०/ पुढे बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. तेथे १८८० च्या दशकात राज्यकारभारातील फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानात तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू आणि कन्नड बोलणारे त्यांहून पुष्कळ कमी. १९०१ च्या जनगणनेत संस्थानातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास होते. अशा समाजात कचेरीची भाषा कोणती, या प्रश्नाचे उत्तर नोकरी कोणाला मिळणार हेही ठरवून टाकत होते.

११/ १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. आधुनिक भारतात उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून भारतीय भाषा स्वीकारणारे हे पहिले विद्यापीठ. वैद्यक, कायदा, गणित, पदार्थविज्ञान हे सारे उर्दूतून शिकवायचे, तर पुस्तके हवीत. म्हणून १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. त्याची सूत्रे आरंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. पुढे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ दीर्घकाळ औरंगाबादला राहत, आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे कार्यालयही कित्येक वर्षे तेथेच होते. उर्दूच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व अशा प्रकारे मराठवाड्यात घडले.

१२/ या भाषांतर विभागाची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. परिभाषा ठरवण्यासाठी विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसत. शास्त्रज्ञाने संकल्पना समजावायची, भाषापंडिताने तिला साजेसा शब्द सुचवायचा, मग चर्चा करून तो पक्का करायचा. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषा कोशांसाठी तज्ज्ञ समित्यांचा जो मार्ग धरला, तो याच जातीचा होता. देशी भाषेतून उच्च ज्ञान देता येते, हे उस्मानियाने दाखवून दिले, आणि त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

१३/ मात्र बीडच्या मराठी मुलाच्या बाजूने पाहिले की याच प्रयोगाचे दुसरे रूप दिसते. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा होती. वरच्या वर्गांत माध्यम उर्दू होई. घरी मराठी, दुकानाच्या वहीत मोडी, शाळेत उर्दू आणि पुढे शिकायचे तर इंग्रजीही. ज्यांच्या घरात आधीपासून दप्तर होते त्यांची मुले हे ओझे पेलून गेली. शेतकऱ्याचे किंवा बलुतेदाराचे मूल बहुधा माध्यम बदलते त्याच उंबरठ्यावर थांबले. ज्या युक्तिवादाने इंग्रजीऐवजी उर्दूचा आग्रह धरला गेला, तोच युक्तिवाद मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना लागू करण्यात आला नाही.

१४/ मराठीतून शिकवायचे तर खाजगी शाळा हा मार्ग उरत होता. परंतु संस्थानात अशा शाळेसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागे, आणि राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांकडे संशयाने पाहिले जाई. या वातावरणात १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे शिकवण्यास आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला आले. संस्थानी कागदपत्रांत तेव्हा या गावाचे नाव मोमिनाबाद असे होते.

१५/ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी एकत्र आले. ही शाळा लोकांच्या बळावर चालली. आसपासच्या गावांतून मुले यायची, त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय समाजाने उचलायची आणि शिक्षकांनी अल्प वेतनावर पूर्ण वेळ द्यायचा, हा राष्ट्रीय शाळांचा शिरस्ता होता. ज्या समाजाला आपल्या भाषेतून शिकायचे आहे त्याने शाळेचा भार स्वतः वाहायचा, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आली. म्हणूनच शाळा आणि चळवळ यांच्यातील भिंत फार काळ टिकली नाही.

१६/ १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. मराठी भाषकांचे प्रश्न मांडणारे हे व्यासपीठ होते, आणि मातृभाषेतील शिक्षण हा त्यांतला एक प्रमुख प्रश्न. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष पेटला. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एका विद्यापीठाचे दार बंद झाले तेव्हा शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या विद्यापीठाने आपले दार उघडले. संस्थानाच्या सीमेपलीकडील हे सहकार्य नसते, तर एका पिढीचे शिक्षण तेथेच खुंटले असते.

१७/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बारा वर्षांत कचेरीची भाषा, शाळेचे माध्यम आणि विद्यापीठ हे तिन्ही बदलले. मराठी मुलाच्या वाटेतला माध्यमाचा अडसर दूर झाला. या घटनेचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

१८/ याच सुमारास आणखी एक बदल जवळपास आवाज न करता घडला. मोडी शाळेतून आणि सरकारी व्यवहारातून गेली. त्यामागे छपाईचे कारण जुने होते. विल्यम केरीच्या १८१० च्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले होते, परंतु सलग वळणाची लिपी सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड, आणि पाठ्यपुस्तके देवनागरीत छापणे सोयीचे. टंकलेखन यंत्र आल्यावर हस्ताक्षराच्या वेगाचा मोडीचा फायदाही संपला. एकच लिपी शिकावी लागल्याने मुलांचे ओझे हलके झाले. परंतु जुने कागद नव्या लिपीत उतरवून ठेवण्याची योजना या बदलाबरोबर आली नाही.

१९/ परिणाम दोन पिढ्यांनंतर दिसू लागला. बीडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबात पणजोबांचा करार मोडीत, आजोबांच्या शाळेची नोंद उर्दूत आणि नातवाची गुणपत्रिका देवनागरीत असे घडू शकते. कुटुंब तेच आणि घरातली बोलीही तीच, पण कागद एकमेकांना अनोळखी. बोलीत मात्र जुन्या काळाचे अवशेष शिल्लक आहेत. मराठवाड्यात अजूनही कचेरीत ‘पेशकार’ भेटतो, गावात ‘गिरदावर’ येतो, जमिनीचा ‘खासरा’ निघतो. हे शब्द ज्यांच्या तोंडी रुळलेले आहेत, त्यांतील बहुतेकांना ते ज्या लिपीतून आले ती वाचता येत नाही.

२०/ आता २०२३ कडे परत येऊ. शोध घ्यायचा होता तो खासरा पत्रकांत, पाहणी पत्रकांत, जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये आणि शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांत. हैदराबादच्या छापील गॅझेटियरमध्ये समाजांची वर्णने आणि आकडे इंग्रजीत आहेत, ते कोणालाही वाचता येतात. पण त्यात कोणाच्या पणजोबांचे नाव नाही. नाव असते ते गावकामगाराच्या वा शाळामास्तराच्या हस्ताक्षरात. प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, म्हणून हस्तलिखिताला इतके मोल आले.

२१/ वाचनातील अडचण किती सूक्ष्म असू शकते, हे एका शब्दावरून कळते. उर्दूत ‘कुणबी’ लिहिताना पहिला उकार सहसा लिहीत नाहीत. पुढचे ‘नून’ आणि ‘बे’ ही दोन्ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की एकसारख्या लहान दातासारखी दिसतात. नुक्ता वर असेल तर नून, खाली असेल तर बे. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाने नुक्ते गाळले, तर उरतात फक्त दोन दात. अशा वेळी केवळ लिपी जाणून भागत नाही. त्या गावात कोणते समाज राहत, कारकून इतरत्र तोच शब्द कसा लिहितो, हे ताडून पाहावे लागते. एका ठिपक्यावर एका कुटुंबाचा दावा अवलंबून असतो, आणि चुकीच्या वाचनाने दुसऱ्या कोणावर अन्यायही होऊ शकतो.

२२/ म्हणून प्रशासनाला मोडी आणि उर्दू-फारसी जाणकारांची मदत घ्यावी लागली. उर्दू लिपी जाणणाऱ्याला नोंद वाचता येते, पण मराठी आडनावे आणि गावांची नावे ओळखायला स्थानिक माणूस लागतो. मोडी वाचकाला अक्षर लागते, पण महसुली संज्ञेसाठी तलाठ्याचा अनुभव उपयोगी पडतो. म्हणजे जुन्या फर्मानांच्या काळात जे दोन लेखनिक शेजारी बसत, त्यांचे वारसदार तीनशे-चारशे वर्षांनी पुन्हा एका टेबलाशी बसले. बीड जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आजही आहेत. ज्या लिपीकडे ‘दुसऱ्यांची’ म्हणून पाहिले गेले, तीच आपल्या घराण्याचा इतिहास उघडण्यासाठी लागते, हे या निमित्ताने अनेकांच्या ध्यानात आले असावे.

२३/ तंत्रज्ञान या कामात काय करू शकते? जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला, त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर टंकित करणे आणि शोधणे शक्य झाले. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली मांडली. परंतु अशी प्रणाली शिकते ती माणसांनी आधी अचूक वाचून दिलेल्या नमुन्यांवरून. पंतोजींच्या शाळेतील मुलाप्रमाणे यंत्रालाही खरे कागद आणि ते वाचून दाखवणारा जाणकार हवाच असतो. जाणकारांची पिढी संपली, तर यंत्राला शिकवणार कोण आणि त्याची चूक पकडणार कोण?

२४/ या आठ शतकांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. साधन बदलले की शिकवण्याची पद्धत बदलते, मग ते साधन पासोडी असो, धूळपाटी असो, छापील पुस्तक असो वा संगणक. सत्तेची भाषा बदलली की शाळेचे माध्यम बदलते आणि कोण पुढे जाणार, कोण मागे राहणार हेही बदलते. आणि मुकुंदराजांच्या गुरुशिष्यसंवादापासून योगेश्वरी विद्यालयापर्यंत जेथे जेथे भाषा टिकली, तेथे शिकवणारा एकटा नव्हता.

२५/ मोडी शिकण्यास काही महिन्यांचा नियमित सराव पुरेसा असतो, आणि मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. उर्दू लिपीसाठी तर शेजारच्या गल्लीतील शिक्षकही मदत करू शकतील. बीड जिल्ह्यातील कोणाच्या घरात जुना बस्ता असेल, तर तो ओलावा आणि वाळवीपासून जपून ठेवावा, त्याची स्वच्छ छायाचित्रे काढावीत आणि जाणकाराकडून वाचून घेऊन देवनागरीत उतरवून ठेवावा. घरातील वडीलधाऱ्यांना त्या कागदांतील नावे, शेतांची नावे, जुनी मापे विचारून घ्यावीत. कागद अजून काही दशके टिकेल. त्याचा अर्थ लावण्यास लागणारी आठवण तितकी टिकणार नाही.

(धागा समाप्त)